रविवारचा बाण

आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात दातवाल्या काकांचं काम आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवून द्यायचे आणि काका घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून कवळी करायचे. खिडकीशी लांब टेबल, त्यावर ओळीने प्लास्टरचे जबडे, बाजूला घासायचं चाक आणि सगळ्यावर पांढरी भुकटी. दातांचा रंग निवडायचं काम काकूंकडे होतं. त्या एकेक दात उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "हा फार गोरा झाला. माणूस सत्तरीचा आहे, नटी नव्हे." मग काका गुपचूप दुसरा दात काढायचे. एवढ्या लोकांची तोंडं त्यांनी चालती केली, पण स्वतःचं तोंड उघडतील तर शपथ.

त्याच इमारतीत खाली माझं दुकान आहे. लॅपटॉप, प्रिंटर, कोणाचा जळका चार्जर, जे येईल ते मी दुरुस्त करते. माझं तोंड काकांच्या अगदी उलट. चहा सांडलेला लॅपटॉप आणून "आपोआप बंद पडला" म्हणणाऱ्याला मी तो चहा कोणत्या बाजूने शिरला ते दाखवते, आणि म्हणून लोक माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. काकांचं आणि माझं मात्र बरं जमतं. मी बोलते, ते मान हलवतात.

त्यांचा एकुलता एक मुलगा दूर परदेशात असतो. कॉम्प्युटरमधलाच कोणीतरी मोठा साहेब आहे. काका त्याला 'आमचे चिरंजीव' म्हणतात, आणि म्हणताना किंचित सरळ बसतात. काकू होत्या तेव्हा त्याचा फोन आला की काका उचलायचे. "हं. बरा आहेस ना? थांब, आईला देतो." मग काकू मनसोक्त बोलायच्या आणि काका चाक बंद ठेवून शेजारी बसायचे. मुलगा काय म्हणाला ते काकूंच्या तोंडून ऐकायचं, आपल्याला काय विचारायचंय ते काकूंच्या तोंडून विचारायचं. सगळा कारभार असा काकूंमार्फत चालायचा.

काकू गेल्यावर एकदा फोन आला. काकांनी उचलला, "बरा आहेस ना?" विचारलं, आणि सवयीने "थांब" म्हणाले. पुढे काय म्हणणार? दोघंही थांबूनच राहिले. हे काकांनीच मला एकदा जिन्याशी उभं राहून सांगितलं, माझ्याकडे न बघता. त्यानंतर हवापाणी, तब्येत, आणि ठेवू का. भांडण नाही, अबोला नाही, पोरगा गुणाचा आहे. पण फोन कानाला लावला की बापलेकांची एकाच घराण्यातली दातखीळ बसायची.

मुलगा शेवटचा येऊन गेला तेव्हा त्याने आपला जुना लॅपटॉप काकांकडे ठेवला होता. तोच घेऊन काका एक दिवस दुकानात आले. कापडी पिशवीत, वर टॉवेल गुंडाळलेला.

"आज फक्त दाखवायला आणलाय," ते म्हणाले. "ठेवून नाही जाणार."

"काका, मी काय त्याला खाणार आहे का? काय होतंय त्याला?"

"चिरंजीव म्हणतात डिस्क गेली. नवीन घाला म्हणतात."

मी लॅपटॉप चालू केला. चालू होईपर्यंत काकांना चहा दिला, त्यांनी तो प्यायला, कप विसळून ठेवला, तरी पडद्यावर अजून गोल गोल फिरतच होतं. मी कान खाली नेला. आतून टिक, टिक, मग एक खर्र, मग पुन्हा टिक. जुन्या पद्धतीची डिस्क म्हणजे आत एक गुळगुळीत तबकडी फिरत असते आणि तिच्यावरून एक बारीक टोक वाचत जातं. तबकडीवर जागा खराब झाली की ते टोक तिथेच अडखळतं, मागे येतं, पुन्हा प्रयत्न करतं. तो अडखळण्याचा आवाज होता. मी तब्येत तपासायचा प्रोग्राम लावला. त्यानेही लाल रंगात तेच सांगितलं. खराब जागा भराभर वाढत होत्या आणि त्यांच्या बदल्यात वापरायच्या राखीव जागा संपत आल्या होत्या.

"कीड लागलीय म्हणा की," काका म्हणाले.

"हो. आणि पसरतेय."

"मग एकेक भरून नाही चालत?"

"आजवर ती स्वतःच भरत होती. आता भरायला काही उरलं नाही."

ही त्यांची भाषा असल्यामुळे त्यांना लगेच पटलं. मी म्हटलं, आज ठेवून जा, आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेते आणि मग बदलते. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात मला एक प्रोग्राम चालू दिसला, दूरच्या माणसाने दुसऱ्याचा कॉम्प्युटर आपल्या हातात घ्यायचा असतो तो. अशा प्रोग्रामवर माझा दात आहे. वयस्कर माणसांना फोन करून, गोड बोलून हे टाकायला लावतात आणि खाती साफ करतात. "हे कोणी घातलं तुमच्या लॅपटॉपमध्ये?" असं म्हणत मी तो उडवायला गेले, तर काकांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत या माणसाने मला कधी बोट लावलं नव्हतं.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "त्यातून तो येतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लॅपटॉप अडायला लागला तसा मुलाने तो प्रोग्राम घालून घेतला होता. दर रविवारी सकाळी काका लॅपटॉप उघडून बसायचे आणि मुलगा तिकडून बघायचा. काका माउसवरचा हात काढून घ्यायचे, आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागायचा. "अगदी त्याच्यासारखा हलतो हो," काका म्हणाले. "लहानपणी कपाट उचकायचा ना, तसा. हे उघड, ते उघड, आणि बंद काही करायचं नाही."

लॅपटॉपचा आवाज केव्हाचा बिघडलेला. म्हणून मुलाने पहिल्याच दिवशी एक कोरं पान उघडून त्यावर लिहिलं, 'बाबा, दिसतंय का?' काकांनी एका बोटाने अक्षर अक्षर शोधून लिहिलं, 'हो.' तिथून सुरू झालं. डिस्कचं काम चालू असताना बाजूला ते पान उघडं असायचं. आधी लॅपटॉपच्याच गोष्टी. मग मुलगा विचारायचा, 'आईचा चष्मा कुठे ठेवलाय?' काका लिहायचे, 'तिच्याच जागी.' कधी काका लिहायचे, 'पंख्याचा आवाज येतो. तू घालवला होतास तसा घालवायला जमत नाही.' जे फोनवर जिभेवर येऊन परत जायचं, ते एका बोटातून बाहेर पडायचं. काम आटोपलं की मुलगा पान बंद करायचा, यंत्र विचारायचं जतन करू का, आणि बाण 'नाही' वर जायचा. हसतखेळत बोललेलं कोणी जपून ठेवतं का?

"आता चिरंजीव म्हणतात, एकदा डिस्क बदलली की दर रविवारी बसायला नको." काकांनी लॅपटॉप मिटला, टॉवेल गुंडाळला. "ताई, आहे तसा अजून किती चालेल?"

गिऱ्हाइकं मला विचारतात की माझे फोटो राहतील का, माझ्या फायली राहतील का. यांना हवं होतं ते डिस्कवर कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "सांगता येत नाही, काका. चालतंय तोवर चालेल." धंद्याच्या दृष्टीने हे चुकीचंच होतं.

एका रविवारी मी दुकान आवरायला आले होते. जिन्यावर पावलं वाजली, सावकाश, एकेक पायरी थांबत. काका उघडा लॅपटॉप दोन्ही हातांनी समोर धरून उतरत होते, काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसे. घरात घालायची चप्पल, शर्टाची वरची बटणं उघडी.

"बंद नका होऊ देऊ," ते म्हणाले. "हे पुसू नका देऊ."

मी टेबल मोकळं केलं. पडदा गोठलेला होता. माउस हलवला तरी काही हलेना, आतून फक्त टिक, टिक, आणि टिक. त्या कोऱ्या पानावर वर थोडं इकडचंतिकडचं होतं आणि शेवटच्या ओळीत 'बाबा, यंदा मी'. त्याच्या पुढे बाण थांबलेला.

"लिहीतच होता," काका म्हणाले. "आणि अडकलं."

"काका, फोन करा की त्याला. विचारा, काय लिहीत होतास?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांना रस्त्यावर नाचायला सांगितलं होतं. "फोनवर असलं कसं विचारायचं?" ते म्हणाले. मग म्हणाले, "यंदा येतो म्हणत असेल. दोन वर्षं झाली की. तुम्हाला काय वाटतं?"

मला जे वाटत होतं ते मी बोलले नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागण्याचे प्रसंग कमी, त्यातला तो एक. मी समजावून सांगितलं की हे पान जतन केलेलं नाही, लॅपटॉप बंद केला की ते जाणार, आणि बंद केल्याशिवाय डिस्क काढता येणार नाही. मी मोबाईलवर पडद्याचा फोटो काढला आणि काकांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, तीन शब्द पुन्हा वाचले, आणि म्हणाले, "करा मग." मी बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत, नीट बघितलं.

बॅटरी सोडवली, लॅपटॉप पालथा घातला. मी एकेक स्क्रू काढत गेले आणि काका ते कागदावर मांडत गेले, लॅपटॉपला जिथे होते तिथेच कागदावर. कवळीचे दातही ते असेच मांडून ठेवायचे. मागचं झाकण उचकटलं, डिस्कची चौकट सोडवली, डिस्क बाहेर काढली. हातात घेतली की पत्त्यांच्या कॅटाएवढी, जड आणि गरम. ती माझ्या कॉम्प्युटरला लावली, शेजारी नवी लावली, आणि उतरवून घ्यायला सुरुवात केली. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे तिचा आवाज नाही. अशा वेळी घाई करायची नसते. जे सहज येतंय ते आधी घ्यायचं, जिथे अडतंय ती जागा सोडून पुढे जायचं, आणि हट्टी जागांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. नाहीतर एका खराब जागेच्या खनपटीला बसलं की डिस्क मरते आणि चांगलंही हातचं जातं.

काका स्टुलावर बसून टिकटिक ऐकत होते. "तुमच्या काकूंना आवाज आवडायचा नाही चाकाचा," ते मध्येच म्हणाले. "पण बंद असलं की विचारायच्या, आज काम नाही का?" ते बोलत होते, हेच खूप होतं.

जवळजवळ सगळं उतरलं. थोडे कोपरे गेले, पण त्यात काही कामाचं नव्हतं. नवी डिस्क चौकटीत बसवली, झाकण लावलं, काकांनी क्रमाने स्क्रू दिले. बटण दाबलं आणि एक उसासा टाकेपर्यंत लॅपटॉप उघडलाही. आवाज काहीच नाही. काकांनी कान लावून बघितलं.

"गेलं की सगळं," ते म्हणाले.

"काही गेलं नाही, काका. सगळं आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी मला वर बोलावलं, जोडणी नीट होते का ते बघायला. पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर आता जबडे नव्हते, फक्त लॅपटॉप आणि काकूंचा चष्मा. काकांनी माउसवरून हात काढून मांडीवर ठेवले. थोड्या वेळात बाण हलला. सरसर फिरला, हे उघडलं, ते उघडलं, पान उघडलं. 'झकास पळतोय. आता काही त्रास नाही, बाबा. दर रविवारी ताटकळायला नको तुम्हाला.'

काकांनी एक बोट पुढे केलं. किती वेळ लागला असेल, देव जाणे. 'मागे तू लिहीत होतास. यंदा मी. पुढे काय?'

बाण जागच्या जागी थांबला. मला वाटलं पुन्हा बिघडलं की काय, माझं काम वाया गेलं. मग अक्षरं उमटली. 'यंदा मी येऊ शकत नाही. रजा मिळत नाहीये.' आणि जरा वेळाने, 'सॉरी बाबा.'

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मागून कीबोर्डच्या एकेका कळीचा आवाज. वळून पाहिलं तर काकांनी लिहिलं होतं, 'बरं. जेवलास का?' तिकडून 'हो' आलं. मग पान बंद झालं, यंत्राने विचारलं, आणि बाण 'नाही' वर गेला.

त्यानंतर रविवार आले आणि गेले. लॅपटॉपला काही म्हणजे काही होईना. इतकं चांगलं काम केल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात पहिल्यांदाच होत होता. फोन यायचा, बरा आहेस ना, हवा कशी आहे, ठेवू का. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, तशी गत. आता यंत्र चालत होतं आणि बोलायला निमित्त उरलं नव्हतं.

मग एक दिवस काका पिशवी घेऊन आले. "एक कळ निघाली," म्हणाले. पाहिलं तर खरंच एक अक्षर जागेवर नव्हतं, काकांच्या मुठीत होतं. मी ते उलटं करून बघितलं. कळ अशी सहसा निघत नाही, निघाली तर खालची नाजूक पकड मोडते. इथे एक ओरखडासुद्धा नव्हता. आयुष्यभर दात बसवलेल्या हाताने ती अलगद उपटली होती. मी काकांकडे पाहिलं. ते कागदावरच्या स्क्रूंकडे बघत होते, दुसऱ्याच कोणाच्या लॅपटॉपच्या.

मी अंगठ्याने कळ दाबली, ती टक् करून बसली. "झालं," म्हटलं.

"हे तुम्हीच केलंत," काका म्हणाले. "त्याला नाही करता आलं तिकडून." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, एक विचारू? लांबून दुरुस्त होण्यासारखं काय बिघडवता येतं?"

त्या वेळी मला दुकानाचं दार अर्धं ओढून घ्यावं लागलं, डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून. मग त्यांना शेजारी बसवलं आणि दाखवलं. पडद्यावर मोकळ्या जागी उजवं बटण दाबायचं, यादीतली ही ओळ निवडायची, की पडद्यावरची सगळी चित्रं नाहीशी होतात. जात कुठेच नाहीत, फक्त दिसत नाहीत. आणि परत आणायची म्हटलं तर तीच ओळ पुन्हा निवडायची, एवढंच. शाळेतलं पोरही डोळे झाकून करेल. काकांनी दोनतीनदा करून पाहिलं, चित्रं गेली, आली, गेली. गेलेलीच ठेवून त्यांनी लॅपटॉप मिटला आणि टॉवेल गुंडाळला.

सोमवारी सकाळी मी दुकान उघडत होते तोच ते समोर. चेहरा काळजीचा.

"ताई, काहीतरी जास्तच बिघडलं वाटतं. तासभर बसला होता. इकडच्या तिकडच्या चौकशा करत होता, पण त्याला काही सापडेना."

"काय म्हणाला शेवटी?"

"लिहिलं त्यानं. 'बाबा, हे बरंच किचकट दिसतंय. आज नाही व्हायचं. पुढच्या रविवारी निवांत बसू.'" काकांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "खरंच एवढं अवघड असतं का ते?"

कुलूप माझ्या हातात तसंच होतं.

"असतं, काका," मी म्हटलं. "एका रविवारात होत नाही ते."